जंत नसलेल्या पिल्लाचा हार

सरांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही लग्नात कोशिंबीर खाल्ली नाही. वाढपी आला की ते पानावर हात आडवा धरायचे आणि शेजारी बसलेल्या, कधीही न पाहिलेल्या माणसाला विचारायचे, "काकडी कुठल्या पाण्यात धुतली असेल हो?" तो बिचारा हातातला घास तसाच धरून बसायचा. मग सर त्याला गोलकृमीच्या अंड्याबद्दल सांगायचे. ते किती चिवट असतं, मातीत वर्षानुवर्षं कसं तग धरतं, त्याचं खडबडीत कवच किती देखणं दिसतं. जिलबी येईपर्यंत आमच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असत. सर मात्र जिलबी मजेत खात. उकळत्या तेलातून निघालेल्या पदार्थावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

पशुवैद्यकीच्या कॉलेजात पोटातले जंत हा विषय आयुष्यभर शिकवून ते निवृत्त झाले आणि उल्हासनगरला एका मिठाईच्या दुकानाच्या डोक्यावर त्यांनी प्राण्यांची लॅब काढली. मी तिथे त्यांची टेक्निशियन. येणारे नमुने बहुतेक सिंधी कॅम्पातल्या शेठ लोकांच्या गुबगुबीत कुत्र्यांचे. कुत्र्यांवर लॅब चालायची आणि डुकरांवर सर चालायचे. डुकराच्या पिल्लाचं शेण आलं असं कळलं की ते टाय नीट करायचे. हो, टाय. मे महिन्यात, पंखा बंद असताना, शेण तपासायला टाय. "नमुना आपल्याकडे पाहुणा म्हणून येतो," ते म्हणायचे, "पाहुण्यासमोर गंजीत बसतात का?"

घाण हा शब्द लॅबमध्ये उच्चारायची बंदी होती. जंतांना ते भाडेकरू म्हणायचे. "पिल्लू जन्मतं तेव्हा घर रिकामं असतं. आईच्या आचळाला चिखल, चिखलात अंडी. पिल्लाने पहिल्यांदा दूध ओढलं की पहिला भाडेकरू सामान घेऊन आत." दूध तुटायच्या सुमाराला तर पिल्लाच्या पोटात अख्खी चाळ वसलेली असते, असं त्यांचं म्हणणं. गोल जंत, चाबकासारखे जंत, डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय. कुठल्याही फार्मवर जा, कुठलंही पिल्लू उचला, कोणी ना कोणी आत सापडणारच. ही गोष्ट ते इतक्या कौतुकाने सांगत की ऐकणाऱ्याला आपलं पोट उगाच ओसाड वाटायला लागे.

आणि त्यावर त्यांची एक कायमची पैज होती. "मातीवर वाढलेलं, दूध तुटलेलं आणि पोटात एकही भाडेकरू नसलेलं डुकराचं पिल्लू मला दाखवा. मी स्वतः त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घालीन!" हे त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, रिक्षावाल्यांना सांगितलं होतं, बदलापूरच्या मांजर्लीत ते राहायचे तिथल्या वाण्यालाही सांगितलं होतं. एका पावसाळ्यात उल्हास नदी त्यांच्या तळमजल्यावर शिरली तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं, काय काय गेलं? सर म्हणाले, "फारसं नाही, फ्रिज वाहून गेला. सूक्ष्मदर्शक माळ्यावर होता." फ्रिजबद्दल नंतर ते हळहळले, पण त्यात ठेवलेल्या नमुन्यांच्या डब्यांसाठी.

माझ्या आईला ही नोकरी पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती. आम्ही अंबरनाथच्या बुवापाड्यातले. घाणीशी जोडलेली सगळी कामं आमच्या लोकांनी एकदाची टाकून दिली, आजोबांनी गाव सोडला, बाबा एमआयडीसीत लागले, मला बीएस्सी केलं, आणि मी परत येऊन कुठे बसले, तर डुकराच्या शेणापाशी. "ह्याच्यासाठी शिकवलं का तुला?" ती विचारायची. आणि तिचं चुकत नव्हतं. एकदा ती डबा द्यायला लॅबमध्ये आली आणि तिने हे थेट सरांनाच सुनावलं. सरांनी खुर्चीतून उठून तिला बसायला दिलं. म्हणाले, "बाई, जे काम लोकांनी तुमच्यावर लादलं ते टाकलंत हे उत्तमच केलंत. हे काम माझ्यावर कोणी लादलेलं नाही. मी भांडून घेतलंय. तुमच्या मुलीला नको असेल तर तिने आज सोडावं, मी कॉलेजात शब्द टाकतो. पण ती नळी फार सुंदर भरते हो." आईने डबा टेबलावर ठेवला आणि ती निघाली. मी घरी आल्यावर मात्र तिने विचारलं, नळी भरते म्हणजे काय करतेस गं?

नळीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. शेण पाण्यात कालवायचं, गाळायचं, आणि साखरेच्या दाट पाकात मिसळून काचेच्या नळीत काठोकाठ भरायचं. पाक पुरेसा जड असला की बाकीचा गाळ खाली बसतो आणि जंतांची अंडी वर तरंगत येऊन काठावर ठेवलेल्या काचेला चिकटतात. मिठाचं पाणीही चालतं. पण मिठात अंडी चिंबतात आणि सरांना ती टवटवीत हवी असत. पाक एकतारीच्या जरा आधी उतरवलेला. तसा पाक आमच्या खालच्या मिठाईवाल्या सिंधी शेठइतका पंचक्रोशीत कोणाला जमत नव्हता, म्हणून सर गुलाबजामच्या कढईतून त्याच्याकडून बाटली भरून आणायचे.

शेठला वर्षभर कळेना की ह्या माणसाला इतकी चाशनी लागते कशाला. शेवटी त्याने मनाशी ठरवलं की सर वरती चोरून मिठाईचा धंदा काढतायत, आणि तोही त्याच्याच चाशनीवर. एके दुपारी तो दबक्या पावलांनी जिना चढून वर आला. आम्ही नळ्या भरत होतो.

"साईं, सच बताओ," तो दारातूनच म्हणाला, "रसगुल्ला बना रहे हो ना?"

सर खूश झाले. कोणीतरी आपण होऊन चौकशी करतंय हेच त्यांना अप्रूप. "आइए, आइए शेठ! देखो, आपकी चाशनी में क्या तैर रहा है." त्यांनी त्याचं डोकं धरून सूक्ष्मदर्शकाला लावलं आणि जे दिसतंय ते काय आहे, कोणाच्या पोटातलं आहे, हे शुद्ध मराठीत समजावून सांगितलं. शेठने भिंत धरली. त्या संध्याकाळपासून आमचा पाक बंद झाला.

नेमक्या त्याच दिवसांत वंदनाताईंचं प्रकरण निघालं.

वंदनाताईंचा फार्म बदलापूरच्या पुढे, गावाच्या कडेला. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा दोघांनी डुकरं पाळली. अंबरनाथच्या कँटीनमधलं उरलंसुरलं आणायचं, शिजवायचं, घालायचं. बरं चाललं होतं. मग शेजारच्या शेतात मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या, आणि बाल्कन्यांतून खाली बघणाऱ्या लोकांना डुकरं दिसायला लागली. त्यात ताईंची दूध तुटलेली पिल्लं खोकायला लागली. खायची भरपूर, पण वाढायची नाहीत. पोटं नगाऱ्याएवढी आणि पाय काटक्या. तेव्हा डुकरांच्या तापाची बातमी सगळीकडे होती. सोसायटीच्या सेक्रेटरीने तक्रार ठोकली, की इथे तोच ताप आलाय. तो ताप निघाला तर खड्डा खणून सगळी डुकरं मारून पुरतात, आजारी काय नि धडधाकट काय.

घाबरलेल्या ताईंनी सरांना फोन केला, आणि सरकारी डॉक्टर सरांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने फोनवर सांगितलं, "सर, ताप असता तर इतके दिवस अशी खात बसली नसती, मलाही कळतंय. पण तक्रार लेखी आहे. सोमवारी मी रक्त घ्यायला जातोय. खोकल्याचं दुसरं कारण कोणी दाखवलं तर रिपोर्ट येईपर्यंत नुसतं वेगळं ठेवायला सांगेन. नाहीतर संशयित म्हणून लिहावं लागेल, आणि एकदा ते लिहिलं की मग माझ्या हातात काही राहत नाही."

सरांनी ताईंना निरोप धाडला: आजारी पिल्लाचं ताजं शेण पाठवा.

नमुना आला. स्वच्छ स्टीलच्या डबीत, वर प्लॅस्टिक, त्यावर रबर. आतमध्ये काळ्याभोर, कोरड्या, एकसारख्या गोळ्या. पाक नव्हता म्हणून सरांनी नाइलाजाने मिठाच्या पाण्यावर भागवलं, डोळा लावला आणि ताईंना फोन केला. "वंदनाताई, तुमचं डुक्कर मॅ मॅ करतं का?"

पलीकडून बारीक आवाज आला, "सर, शेळीचं हाय ते. डुकराचं लय वास मारतं. तुमच्यासारख्या मोठ्या माणसाकडे कसं पाठवायचं? बरं नाय दिसत."

दुसरा नमुना डुकराचाच होता, पण फार्मवरच्या सगळ्यात तगड्या, नवऱ्याच्या लाडक्या वराहाचा. "चांगल्यातला चांगला निवडला," ताई म्हणाल्या. तिसरा पिल्लाचाच होता, आणि चक्क धुतलेला होता. गाळणीत धरून, नळाखाली. सर तो डबा हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. रागावले असतील असं मला वाटलं, पण त्यांचे डोळे भरून आले होते. "अगं, पाहुण्याला फुटका कप द्यायचा नाही म्हणून करतेय ती हे सगळं," ते म्हणाले. "आणि त्याच पायी तिचं घर बुडेल. उद्या आपण जायचं."

रविवार होता आणि पाक नव्हता. शेठ दारात उभं करत नव्हता. मी घरी करायला घेतला, पहिल्यांदा पाणीदार झाला, दुसऱ्यांदा कढईला साखर धरली. आई उंबऱ्यातून बघत होती. तिच्याशी ह्या विषयावर बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. तिसऱ्यांदा साखर मोजताना तिने माझ्या हातातला डाव काढून घेतला. "दे इकडे. तुझ्याने करंजी होत नाही अन् पाक करतेय." दोन बोटांत थेंब धरून तिने तार बघितली, तुटतेय न तुटतेय तोच कढई उतरवली आणि पाक बाटलीत ओतला. "कोणाची तरी डुकरं मारणार म्हणतेस ना?" एवढंच बोलली. तो पाक शेठच्या पाकापेक्षा चांगला होता, हे मी शेठला अजून सांगितलेलं नाही.

आम्ही रिक्षाने फार्मवर पोचलो. सरांच्या मांडीवर सूक्ष्मदर्शक, गळ्यात टाय. पाहुणे येणार म्हणून वंदनाताईंनी पहाटेपासून फिनेल ओतून गोठा घासला होता. कणभर शेण कुठे शिल्लक नव्हतं. पिल्लांना साबणाने अंघोळ घातली होती, वर पावडर लावली होती. पांढरीशुभ्र, मोगऱ्याचा वास येणारी पिल्लं एका कोपऱ्यात दाटीने उभी राहून खोकत होती.

"पोहे टाकते सर," ताई म्हणाल्या.

"पोहे नकोत!" सर ओरडले. "शी हवी!"

मग सरांनी प्लॅस्टिकचं स्टूल मागितलं आणि ते गोठ्यात, पिल्लांच्या मधोमध, जाऊन बसले. हातात प्लॅस्टिकची पिशवी. सगळ्यात मरतुकडं पिल्लू त्यांनी निवडलं आणि ते वळेल तिकडे स्टुलासकट वळू लागले. अंघोळीने घाबरलेलं पिल्लू काही केल्या मोकळं होईना. सर त्याला गोंजारत होते, त्याच्याशी बोलत होते, मध्येच आमच्यावर डाफरत होते की गप्प बसा, त्याला लाज वाटतेय. वरच्या बाल्कन्यांत हळूहळू माणसं जमली. थोड्या वेळाने सेक्रेटरी स्वतः खाली आले. बर्म्युडा, हातात मोबाइल, शूटिंग चालू.

"हॅलो, एक्स्क्यूज मी! काय चाललंय इथे?"

"वाट बघतोय," सर मान न वळवता म्हणाले.

"हे बघा अंकल, प्रॉब्लेम काय आहे माहितीये का, आमच्याकडे लहान मुलं आहेत. ह्या डुकरांना काहीतरी डेंजर झालंय. हे सगळं बंदच झालं पाहिजे."

"तुम्हाला मुलं किती?"

"एक आहे. का?"

"शाळेत जंताची गोळी देतात त्याला?"

"देतात ना. सगळ्यांनाच देतात."

"सगळ्यांनाच का देतात?" सर आता वळले. "कारण सगळ्यांच्याच पोटात असण्याची शक्यता असते म्हणून! मग काय, तुमची बिल्डिंग बंद करायची?"

वरच्या बाल्कनीतून कोणीतरी खुदकन हसलं. सेक्रेटरी काही म्हणणार एवढ्यात सर किंचाळले, "आला!" आणि पिशवीसह पुढे झेपावले. टाय कामी आला. म्हणजे खराब झाला.

अंगणातल्या बाजेवर आम्ही लॅब मांडली. मी नळी भरली. उद्या सोमवार होता आणि वंदनाताई पदराचं टोक तोंडात धरून समोर उभ्या होत्या. काच ठेवली, थांबलो, उचलली. सरांनी डोळा लावला. नेहमी ते लगेच बोलत. ह्या वेळी बाजूला सरकून ते सेक्रेटरींना म्हणाले, "या. तुम्ही बघा आधी."

सेक्रेटरींनी नाक दाबून डोळा लावला. हळूहळू नाकावरचा हात सुटला. "हे... गोल गोल, तपकिरी? किती आहेत! सगळीकडे तेच आहेत."

"गोलकृमी. अंड्यातून निघालेली पिल्लं फुप्फुसातून प्रवास करतात, म्हणून खोकला. मोठी झाली की आतड्यात बसून खातात, म्हणून वाढ नाही. तुमचा डेंजर आजार हा. जगातली सगळ्यात साधी गोष्ट आहे." आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, सरांनी हेही सांगून टाकलं की क्वचित हे जंत माणसातही येतात, तेव्हा मुलांचे हात आणि काकड्या धुवाव्यात. मी कपाळाला हात लावला. पण खोटं किंवा अर्धं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सेक्रेटरींनी मोबाइल खिशात ठेवला आणि काकडी किती वेळ धुवायची ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी सरकारी डॉक्टरने त्याच सूक्ष्मदर्शकातून बघितलं, रक्त घेतलं, आणि संशयित हा शब्द लिहिला नाही. पुढे रक्ताचा रिपोर्टही नीट आला. खड्डा कोणी खणला नाही.

पण त्या रविवारी, सगळे गेल्यावर, वंदनाताई बाजेच्या पायाशी बसून रडल्या. डुकरं वाचतील ह्याचा आनंद नव्हता तो. "एवढं घासूनपुसून ठेवते सर," त्या म्हणाल्या, "तरी माझ्याच पिल्लांच्या पोटात किडे! समद्या बिल्डिंगने बघितलं."

सर त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "ताई, मी आयुष्यभर हेच बघतोय. परदेशातल्या फरशीवाल्या फार्मांवरची पिल्लं बघितली, विद्यापीठातली बघितली. जंत होणं ही लाज नाही. लपवणं महागात पडतं, एवढंच. पुढच्या वेळी मला सगळ्यात वाईट दिसणाऱ्या पिल्लाचं द्या. न धुता." मग त्यांनी औषध सांगितलं. डुकरीण विण्याआधी तिला डोस द्यायचा, तिची आचळं धुवायची, शेण रोज उचलायचं, खाणं जमिनीवर टाकायचं नाही. जाताना हाराची पैजही ऐकवली, सवयीने.

वंदनाताईंनी ती मनावर घेतली. त्यानंतर त्यांचे नमुने नेमाने येऊ लागले. मळके, उग्र, अस्सल. दर वेळी सर काचेत काही ना काही शोधून काढायचे आणि फोनवर विजयी स्वरात सांगायचे, "आहे! एक आहे! हार नाही!" पलीकडून ताई म्हणायच्या, "बघतेच आता." पिल्लं केव्हाच धष्टपुष्ट झाली होती, पण ह्या दोघांचं चालूच. शेठही यथावकाश नरमला. त्याने आमच्या बाटलीला लाल दोरा बांधला आणि गिऱ्हाइकांसमोर तिचं नाव काढू नये अशी शपथ घातली.

सर गेले ते हिवाळ्यात, झोपेत. लॅब माझ्याकडे आली, आणि पाक आता आई करून देते. टाय मी बांधत नाही, पण गंजीत, म्हणजे घरच्या गाऊनमध्ये, नमुन्यासमोर कधी बसले नाही.

मध्यंतरी वंदनाताईंचा डबा आला. फोनवर म्हणाल्या, "सगळ्यात मरतुकडं निवडलंय हां ताई. बारकं हाय, दूध तुटेस्तोवर भावंडं त्याला पिऊ देत नव्हती." मी नळी भरली, काच बघितली. काहीच नाही. सर म्हणत, एका काचेवर भरवसा ठेवू नये. दुसरी बघितली, तिसरी बघितली. पुढच्या आठवड्यात पुन्हा मागवलं, मग पुन्हा. काहीच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली नुसता आईच्या हातचा स्वच्छ पाक. मला तेव्हा सरांची इतकी आठवण आली की मी खुर्चीतून उठून उगाचच बाजूला उभी राहिले, त्यांना बघायला जागा करून द्यावी तशी.

अंबरनाथला स्टेशनबाहेर झेंडूचा हार घेतला. फुलवालीने विचारलं, "देवाला का माणसाला?"

"डुकराला," मी म्हटलं. तिने पुडी बांधता बांधता माझ्याकडे बघितलं आणि दोन फुलं जास्त घातली.

फार्मवर वंदनाताईंनी पिल्लू धरलं. अंघोळ घातलेली नव्हती, चिखलाने माखलेलं होतं. वरच्या बाल्कनीतून सेक्रेटरी हात हलवत होते. मी हार पिल्लाच्या गळ्यात घातला आणि मला एकदम रडू फुटलं. वंदनाताईही रडायला लागल्या. पिल्लाने मान वाकडी करून एक झेंडू तोंडात धरला, मग दुसरा, आणि आमचे डोळे पुसून होईस्तोवर दोऱ्यासकट सगळा हार त्याच्या पोटात गेला होता.

"अगं बाई, न धुतलेलाच खाल्ला की," वंदनाताई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात याचं परत पाठवते."